चामड्याचा पडदा

इंदूर,
११ नोव्हेंबर २०२५

ती. उषावन्सं यांना मंजुषाचा नमस्कार,

त्या सकाळी मी लसूण फोडत बसले होते. लावणीसाठी पाकळ्या सुट्या करायच्या होत्या. नळाचं पाणी भरून झालं होतं, अंगण झाडून झालं होतं, डाळ भिजत घातली होती. ह्यांनी शेडमधून हाक मारली, "मंजू, वाटीत जरा तेल दे गं." माझे हात लसणाचे. तरी उठले, डब्यातलं सोयाबीनचं तेल वाटीत ओतलं आणि वाटी ओट्याच्या कडेला ठेवून दिली. हे आले, वाटी उचलली, ओट्यावरची मूठभर शेवही तोंडात टाकली. मी म्हटलं, चहा होतोय. म्हणाले, आल्यावर घेतो. मग ट्रॅक्टर सुरू झाला, नाला ओलांडून खालच्या तुकड्याकडे गेला, आणि मी परत लसणापाशी बसले.

पण ते पुढे लिहीन. आधी खुशाली.

आम्ही सगळे बरे आहोत. अर्पितला नवीन काम मिळालंय, त्यामुळे घरी आल्यावरही कॉम्प्युटर उघडूनच बसतो. निधी सूनबाईची मान दुखते, मी तेल लावून देते. फ्लॅट चांगला आहे. चौथ्या मजल्यावर हवा येते. इथे मला काही कमी नाही. हे वाक्य मी फोनवर तुम्हाला दर वेळी म्हणते, म्हणून इथेही लिहून टाकलं.

तुम्ही म्हणाल, फोन असताना हिने पत्र का लिहिलं. फोनवर अर्पित शेजारी असतो. मुद्दाम बसत नाही बिचारा, पण ह्या घरात एका खोलीतलं बोलणं सगळ्या खोल्यांत जातं. शिवाय मला काही गोष्टी लिहिताना जमतात, बोलताना जमत नाहीत. मामंजी म्हणायचे ना, सून आठवीपर्यंतच शिकली पण कागद दिसला की सोडत नाही. त्यांच्या कपाटातलं एकेक पुस्तक मी स्वयंपाक उरकून वाचलं. इंग्रजीसाठी त्यांनीच मला डिक्शनरी दिली होती. ती मी इथे बरोबर आणली आहे. तुम्ही मामंजींची लेक आणि ट्रॅक्टर मामंजींचा, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहायला हवं.

अर्पित तुम्हाला येत्या आठवड्यात फोन करील. ट्रॅक्टर विकायचा आहे, शेत शेजारच्या देवेंद्र पटेलला कसायला द्यायचं आहे आणि घराला कुलूप लावायचं आहे. "आत्या हो म्हणाली की झालं," असं तो म्हणतो. तुम्ही लगेच हो म्हणू नका, एवढंच मागायला मी बसले आहे. पण एवढंच लिहिलं तर तुम्ही म्हणाल, भावाच्या वर्षश्राद्धाला मीच सांगितलं होतं की आता मुलाकडे राहा, मग आता हे काय नवीन.

तर आधी ट्रॅक्टरचं सांगते.

तुम्हाला आठवत असेल, तुमच्या लग्नानंतर मामंजींनी तो जुनाच घेतला होता. लाल रंग आता कुठेकुठेच उरला आहे. तो गेली काही वर्षं जागेवर उभा असतानाही जोरात चालायचा. म्हणजे हाताचा वेगाचा खटका पूर्ण खाली ओढला, पायही काढला, तरी इंजिन मंद व्हायचं नाही. शेतात चालताना वाजावं तसंच उभ्याने वाजायचं. ह्यांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, चालतोय ना, बंद तर पडत नाही. पण देवेंद्र बघायला आला तेव्हा त्याने कान दिला आणि मान हलवली. म्हणाला, "भाभीजी, ये तो खड़े-खड़े डीजल पी जाएगा. आवाज ठीक करवा दो, मैं ले जाऊंगा." तेव्हा ठरलं की आधी दुरुस्ती, मग विक्री.

हरी मिस्त्री आला. त्याने एक स्क्रू पिळला. इंजिन मंद झालं, आणि जरा तापल्यावर बंदच पडलं. मग स्क्रू उलटा पिळला, तर पुन्हा पहिल्यासारखं. असं त्याचं तीनचार वेळा झालं. अर्पितला सुट्टी मिळेल तेव्हा आम्ही इथून गाडीने जायचो, हरी स्क्रू पिळायचा आणि आम्ही परत यायचो. त्या निमित्ताने मला माझ्या घराचं दार उघडायला मिळायचं. धूळ पुसायची, जाळी काढायची, तोवर अर्पित हॉर्न वाजवायचा.

एकदा येताना मी ट्रॅक्टरचं माहितीचं पुस्तक घेऊन आले. इंग्रजीच आहे, पण चित्रं आहेत. दुपारी इथे कोणी नसतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते वाचून काढलं. समजायला वेळ लागला, पण समजलं. डिझेलच्या पंपामागे एक गोल डबी असते. तिच्यात चामड्याचा एक पडदा असतो. इंजिन हवा ओढतं, ती ओढ एका बारीक नळीतून त्या डबीपर्यंत येते आणि पडद्याला खेचते. पडदा खेचला गेला की डिझेल कमी होतं आणि इंजिन शांत होतं. पडद्यातून हवा निसटत असेल तर त्याला कोणी खेचतच नाही. मग तुम्ही बाहेरून किती का स्क्रू पिळा ना.

पुढच्या वेळी मी हरीला म्हटलं, नळी काढ आणि मला बोट ठेवू दे. अर्पित म्हणाला, "आई, त्याला बघू दे ना." हरी मात्र हसला, म्हणाला, "लगाओ माँजी, आप भी देख लो." नळी जिथे बसते त्या भोकावर मी बोट दाबून धरलं. हरीने बंद करायचा दांडा ओढला आणि सोडला. पडदा धड असता तर दांडा सावकाश मागे आला असता, कारण बोटाने हवा अडवली होती. तो झटकन मागे आला. म्हणजे हवा आतूनच निसटत होती. हरीने डबी उघडली. आतलं चामडं पापडासारखं कडक झालेलं, कडेला चिरलेलं. त्याने ते नाकाशी नेलं. "इसमें खाने का तेल किसने डाला?"

अर्पितला आधी कळलं नाही. मग तो मोठ्याने हसला. "बाबा!" म्हणाला. त्या अंगणात तो वर्षभरात पहिल्यांदा हसला, वन्सं. चामडं मऊ राहावं म्हणून त्यावर तेलाचे थेंब सोडायचे असतात, हे ह्यांना माहीत होतं. पण मशीनचं तेल आणायला बाजारात कोण जाणार, घरात डबा भरलेला असताना? सोयाबीनचं तेल चामड्यात मुरतं आणि वाळलं की त्याची खपली होते. मी किती वर्षं वाटीत तेल देत होते कोण जाणे. मीही हसले. मग माझं मला आठवलं की ती शेवटची वाटी अजून शेडमधल्या फळीवर आहे, आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले.

नवा पडदा मिळेना. इतका जुना भाग कोण ठेवणार. हरी म्हणाला, चामडं आणून माप देऊन कापून घ्या, इंदूरला मिळेल. अर्पितला वेळ नाही. मी म्हटलं, दे माझ्याकडे, मी बघते.

आता इथलं जरा खरं लिहिते.

आमच्या खिडकीसमोर भंवरकुआं भागातले परीक्षांचे क्लासेस आहेत. भिंतीवर पास झालेल्या मुलांचे फोटो, आणि त्याच्या बाजूला मुलींचं हॉस्टेल. रोज संध्याकाळी त्या मुलींची हजेरी घेतात. एकेक मुलगी जाळीच्या दाराशी येऊन नाव सांगते आणि आत जाते. माझी हजेरी फोनवर असते. मी कुठे आहे ते अर्पितला त्याच्या फोनमध्ये दिसतं. मी खाली भाजी घ्यायला गेले तर चौकीदार विचारतो, "माताजी, भैया को पता है ना?" एकदा मी कोणाला न सांगता राजवाड्यापर्यंत ऑटोने गेले होते. फोनची बॅटरी संपली. परत आले तर अर्पित खाली फाटकाशी उभा, चेहरा पांढरा. तो एक शब्द रागाने बोलला नाही. निधी म्हणाली, "आई, कुठे जायचं असेल तर मला मेसेज टाका ना, मी कॅब बुक करून देते." ती खरंच देते. कॅब दाराशी येते, दाराशी सोडते. दोघं माझ्याशी इतकं चांगलं वागतात की तक्रार करायला जागाच नाही. दार उघडं असतं, वन्सं. पण त्या दारातून मी गेले की माझा मुलगा फाटकाशी येऊन उभा राहतो. मग मी कशी जाऊ?

म्हणून चामडं आणायला मी निधीबरोबरच गेले, ब्लाउजपीस घ्यायचं म्हणून. ती बांगड्या बघत होती तेवढ्यात मी मागच्या गल्लीत पेट्या-तबल्याच्या दुकानात शिरले. हार्मोनियमच्या भात्याला लावतात ते चामडं पातळ असतं आणि त्यातून हवा जात नाही, हे मी कुठेतरी वाचलं होतं. दुकानदार आपल्यातलाच, मराठी निघाला. जुना पडदा हातात घेऊन विचारतो, "काकू, ही कुठली पेटी?" मी म्हटलं, मोठी आहे, लाल. त्याने माप घेऊन इतकं नीट कापून दिलं की काय सांगू.

ते चामडं माझ्या कपाटात साड्यांच्या घडीत आहे. अर्पित रोज जेवताना विचारतो, "आई, मिळालं का गं ते?" आणि मी रोज म्हणते, अजून नाही.

मी खोटं बोलते आहे. चामडं बसलं की ट्रॅक्टर मंद होईल. मंद झाला की देवेंद्र घेऊन जाईल. ट्रॅक्टर गेला की शेत, शेत गेलं की घर, आणि मग गावी, गौतमपुऱ्याला जायला मला कारण उरणार नाही. आणि नाही बसवलं, तर शेडमध्ये उभ्या उभ्या तो सडेल आणि एक दिवस भंगारवाला नेईल. मी काय करावं ते मला कळत नाही. मी साड्यांच्या घडीत हात घालून बघते, चामडं मऊ आहे ना, आणि कपाट बंद करते.

अर्पितशी मी बोलले नाही असं नाही. दिवाळीच्या आधी म्हटलं होतं, मला तिथे राहायचंय, शेत मीच करीन. ट्रॅक्टर मला चालवता येतो. हे तुम्हाला माहीत नसेल. खालच्या तुकड्यातलं रस्त्यावरून काही दिसत नाही, तिथे ह्यांनी मला शिकवलं होतं. नांगराच्या रेघा माझ्या त्यांच्यापेक्षा सरळ यायच्या, ते स्वतःच म्हणायचे, फक्त घरी कोणाला सांगू नकोस. अर्पितने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, मला परत तसा फोन घ्यायचा नाहीये."

तो फोन त्याने ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर येऊन घेतला होता. देवेंद्रने केला होता.

आणि आता ते, जे लिहायला मी बसले.

दहाव्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतंत, "तू घरातच होतीस ना गं? मग तुला कसं कळलं नाही?" तुम्ही रागाने विचारलं नव्हतंत. पाठच्या भावाची बहीण विचारील तसं विचारलंत. मी उठून आत गेले. तेव्हापासून आपण फोनवर फक्त हवापाणी बोलतो.

मला कळलं नाही, कारण मी ऐकत होते.

लसूण फोडताना ट्रॅक्टरचा आवाज येत होता. पोळ्या करताना येत होता. जेवणाची वेळ टळली तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. नाल्यापलीकडून आवाज तसाच येत होता, जोरात, एकसारखा. मी म्हटलं, आज तुकडा संपवूनच येणार वाटतं. ताट झाकून ठेवलं. पुस्तक घेऊन पडले. वाचता वाचता डोळा लागला, कारण आवाज चालू होता. तो आवाज चालू असला की मला झोप यायची, वन्सं, इतक्या वर्षांची सवय.

त्यांनी ट्रॅक्टर थांबवला होता. गिअर काढला होता, हाताचा खटका खाली ओढला होता, खाली उतरले होते आणि बांधाला टेकून बसले होते. बहुतेक छातीत दुखायला लागलं म्हणून. दुसरा कुठला ट्रॅक्टर असता तर इंजिन मंद झालं असतं, मला दारात उभं राहून कळलं असतं की हे थांबले आहेत. मी पाणी घेऊन गेले असते. आमचा थांबला तरी चालल्यासारखाच वाजायचा. देवेंद्रच्याही ते उन्हं उतरल्यावर लक्षात आलं, आवाज जागचा हलत कसा नाही म्हणून.

डॉक्टर म्हणाले, लगेच गेले असतील, कोणी काही करू शकलं नसतं. असेलही. मी तुम्हाला हे माफीसाठी लिहिलेलं नाही. तुम्ही विचारलं होतंत, म्हणून उत्तर लिहिलं. अर्पितला मी हे सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, तिथे माणूस एकटा असला की मरतो आणि कोणाला कळत नाही. त्याला कसं सांगू की ते एकटे नव्हते, मी होते, आणि तरी कळलं नाही?

आता निधी यायची वेळ झाली. कुकर लावते. राहिलेलं उद्या.


गौतमपुरा,
१४ नोव्हेंबर

वन्सं, पत्र टाकायचं राहून गेलं. इथूनच टाकते.

बुधवारी दोघं ऑफिसला गेल्यावर मी चामडं, दोन साड्या आणि फोनचा चार्जर पिशवीत घातला. चौकीदाराने विचारायच्या आधीच त्याला म्हटलं, "मैं गौतमपुरा जा रही हूँ. भैया को आप ही फोन करके बता दो." तो बिचारा उठून उभाच राहिला. बसमध्ये बसले आणि अर्पितचा फोन आला. मी उचलला. दर वेळी उचलला. "आई, उतर तिथेच, मी येतो." मी म्हटलं, नको, चामडं मिळालंय, बसवून घेते. कधी मिळालं, म्हणाला. मी खरं सांगितलं. मग म्हणाला, पोचलीस की कळव.

हरीने पडदा बसवला. ह्या वेळी तेल त्याच्या दुकानातलं. थेंब सोडताना मला बाटली वाचून दाखवायला लावली, वर म्हणतो, "भजिया तो नहीं तलोगे ना, माँजी?" नळी जोडली, आधीचा पिळलेला स्क्रू जागेवर आणला, आणि मला म्हणाला, आप ही चालू करो.

मी चालू केला. खटका खाली ओढला. आणि तो मंद झाला. टक, टक, टक, मधे श्वास घ्यावा इतकी जागा. मी त्याचा हा आवाज विसरून गेले होते. सुरुवातीला लग्न होऊन आले तेव्हाचा आहे तो. हरी हात पुसत उभा होता, मी त्याच्याकडे पाठ केली.

मग अर्पितला फोन लावला आणि इंजिनाजवळ धरला.

"बंद पडला का?" त्याने विचारलं.

"नाही रे. चालू आहे. हळू झालाय."

"मला वाटलं, बंद पडला."

तेव्हा मी त्याला सांगितलं. वर तुम्हाला लिहिलं आहे तेवढं सगळं, तिथेच, ट्रॅक्टरला टेकून. लसूण, ताट, पुस्तक, झोप. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा बघितलं. शेवटी मी म्हटलं, "अर्पित, आता चालवणारा थांबला, तर थांबलेलं ऐकू येईल. देवेंद्रचं घर हाकेवर आहे. मी त्याच्या बायकोला सांगून ठेवलं आहे, आवाज हळू झाला आणि मी दिसले नाही तर ये."

पलीकडून त्याच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "रविवारी आम्ही दोघं येतो. मग ठरवू." आणि फोन ठेवताना, "आई, तोपर्यंत खालच्या तुकड्यात जाऊ नकोस."

रविवारी काय ठरेल ते मला माहीत नाही. तो ट्रॅक्टर विकायचं म्हणेल, कदाचित मी त्याच्याबरोबर परतही जाईन. त्याचा चेहरा पांढरा झालेला मला बघवत नाही, हे तितकंच खरं आहे. तुम्हाला त्याचा फोन आला तर तुम्हाला वाटेल ते सांगा. पण आधी हे वाचा.

खालचा तुकडा त्या दिवसापासून तसाच होता. अर्धा नांगरलेला, अर्धा नाही. गेल्या वर्षी तिथे कोणी पेरलं नाही, मला बघायलाही कोणी नेलं नाही. नांगरलेल्या अर्ध्यावर आता गवत आहे, पण त्यांच्या रेघा अजून दिसतात.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेतला, फोन चालू करून कमरेला खोचला, ट्रॅक्टर नाल्यापलीकडे नेला आणि राहिलेला अर्धा नांगरून काढला.

तुमची
मंजुषा
मु. पो. गौतमपुरा